फळी रिकामी होईस्तोवर

३ जानेवारी

छापलंय मंगळवार. आज शुक्रवार हाय. डायरी दोन सालामागची, पतसंस्थेनं फुकट दिलेली. सून रद्दीत घालायला निघाली होती — आत एक अक्षर लिहिलेलं न्हाई! मी काढून घेतली. कोरा कागद वाया घालवण्यापरीस त्यावर डोक्यातलं ओतलेलं बरं. तिसरीपर्यंत शिकलेय. अक्षर वाकडं हाय, पण वाचणार कोण?

सकाळी दारात खोकं आलं. एवढं मोठं, मला वाटलं अमृतनं नवा टीव्ही घेतला. सुनेनं फाडलं. आत कागद, कागदात त्या फुग्या-फुग्यांचं प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकात — एक कंगवा. कंगव्याला गादी! अमृतच्या वेळी मी बाळंत झाले तवा मला पोत्यावर निजवलं होतं. खोकं मी ठेवून घेतलं. कोंबडी अंड्यावर बसवायला चांगलं हाय.

हुसेनबीच्या दुकानात कंगवे दारातच दोरीला टांगलेले असत्यात. आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. पण तिथनं आणला तर खोकं कुठनं येणार?

दुपारी चहाची पुडी आणायला गेले. फळीवर लय जागा दिसायला लागलीय. बरण्या एकमेकीपासून लांब लांब ठेवल्यात, म्हणजे भरल्यासारखं दिसावं. मला शिकवती व्हय? पाव्हणे आले की मी बी भाकरी तशीच मांडते.

४ जानेवारी

काल चहाबरोबर आणलेली काड्यापेटी सादळलेली निघाली. परत द्यायला गेले. हुसेनबीनं बोट वर केलं. तिच्या डोक्यावर तिच्या मालकांनी, मोहिद्दीनभाईंनी, सोताच्या हातानं रंगवलेला बोर्ड हाय — विकलेला माल परत घेतला जाणार नाही. भाई जाऊन किती पावसाळे झाले, बोट अजून तिथंच जातंय. हिला मराठी वाचता येत न्हाई, पण तेवढी ओळ बरोबर वाचती. सरपंचाची छत्री परत घेतली न्हवती त्यांनी. सख्ख्या पोराचा, अश्फाकचा, कंपास परत घेतला न्हवता. मग माझी काड्यापेटी कोण लागून गेली!

उन्हात वाळवली. पेटत्यात. आता एका काडीच्या दोन करून वापरते, म्हणजे नुकसान भरून निघंल.

९ जानेवारी

सून मला पलूसला घेऊन गेली, मोठं दुकान दाखवायला. आत फ्रीजसारखा गारवा. ढकलगाडी देत्यात, लहान पोरं बसवायची तशी. त्यात आपणच माल भरायचा, आपणच ढकलायची, आपणच रांगेत उभं राहायचं. वर पैसे बी आपणच द्यायचे. मग ती निळ्या सदऱ्यातली पोरं कशाला पोसल्यात? आपण काय ढापतोय का ते बघायला!

एकावर एक फुकट म्हणून सुनेनं दोन दोन घेतलं. भांडी घासायचं औषध दोन. पाय घासायचा दगड दोन. म्हटलं, पाय बी दोनच हाईत, बरोबर झालं. जोंधळा पाकिटात घालून ठेवलाय, पाकिटावर इंग्रजी. आमी जन्मभर तो खाल्ला तवा आमी गरीब होतो. आता पाकिटात गेला तर डॉक्टर खा म्हणत्यात.

पिशवी मी घरनं नेली होती. दारावरच्या माणसानं तिचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकलं. साठीच्या पुढं पहिल्यांदा कोणीतरी मला चोर समजलं. दोरा मी सोडवून आणला. घरच्या दोऱ्याच्या गुंडीला जोडला.

१४ जानेवारी

संक्रांत. सुनेनं पाकिटातला तिळगूळ आणला. दात हलला. गोड बोलायचं पुढच्या वर्षी बघू.

२२ जानेवारी

आज हुसेनबीनं मला ऐकवलं.

मीच सुरुवात केली म्हणा. दुकानाच्या पायरीवर बसले होते, गावातल्या बायकांना नावं ठेवत होते. फोनवर बोट फिरवत्यात, पलूसला ढकलगाड्या ढकलत्यात, गावातलं दुकान मारलं यांनी. हुसेनबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तानाक्का, त्या पोरी बऱ्या गं. काय इसरलं की पळत येत्यात. तू कवा काय इसरत न्हाईस."

म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे तू आणतीस बाटली, नेतीस बोटभर तेल. साबणाच्या चिपट्या जोडून वडी करतीस. काडीच्या दोन करतीस. समद्या गावात तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं असती तर भाईंनी लगीन झाल्यावर सालाभरातच कुलूप घातलं असतं."

आणि हसली. वर म्हणाली, दोऱ्याची गुंडी केलीस तो दोरा बी माझ्याच पुड्यांचा.

मी उठून आले.

२३ जानेवारी

गेले न्हाई. साखर संपलीय. बिनसाखरेचा चहा तब्येतीला चांगला असतो म्हणं.

२५ जानेवारी

अजून चांगला लागत न्हाई.

२८ जानेवारी

गेले. रिकाम्या हातानं गेले, पिशवी बी न्हेली न्हाई. ऐटीत म्हटलं, निळीच्या पुड्या दे. किती? हाईत तेवढ्या दे. हुसेनबीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या लुगड्याकडं. हिरवं, लाल, जांभळं — माझ्याकडं पांढरं म्हणून एक चिंधी न्हाई. तिनं पुड्या मोजून पुढं सरकवल्या. मी काय सांगितलं न्हाई.

हिशेब साधा हाय. माल खपला की पैसा येतो, पैसा आला की सांगलीहून नवा माल येतो, माल दिसला की गिऱ्हाईक येतं. हे कुणी शिकवावं लागत न्हाई. मेंढरांचं बी असंच असतंय, एक हललं की मागची हलत्यात.

निळीच्या पुड्या जोंधळ्याच्या रिकाम्या कणगीत टाकल्या. सून तिकडं ढुंकून बघत न्हाई, तिला उंदराची भीती वाटती.

८ फेब्रुवारी

नात आली. उत्कर्षा. सांगलीत घरं सजवायचं शिकती, माधवनगरला तिच्या मावशीकडं राहती. मी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या, तर फोन घेऊन मागं लागली. "आजी, परत एकदा घाल ना, लाईट छान आहे." वाळलेल्या पिशव्या काढून परत ओल्या केल्या, परत घातल्या. पाणी वाया गेलं ते निराळंच. संध्याकाळी म्हणाली, हजारो लोकांनी बघितलं. काय म्हणत्यात? म्हणत्यात, असं साधं जगता आलं पाहिजे. मग जगा की बाबांनो! कोण धरून ठेवलंय?

तिनं कापडी पिशवी आणलीय, विकत. वर लिहिलंय कायतरी झाडं वाचवायचं. आमच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवून देते म्हटलं, तर म्हणाली त्यावर लिहिलेलं नसतं ना.

मी म्हटलं, फोनात एवढं साधं जगतीस तर हुसेनबीच्या दुकानातनं एक टिकलीचं पाकीट तरी घेत जा. गावातलं दुकान जगलं पायजे. म्हणाली, हो आजी, नक्की. आणि खोक्यातनं आलेली बिस्किटं खात बसली.

१७ फेब्रुवारी

आज घंटा घेतल्या. मेंढराच्या गळ्यातल्या, पितळी. पोत्याखाली डबा होता, त्यात पडून होत्या. आमचे मालक होते तवा मोहिद्दीनभाई खास त्यांच्यासाठी मागवायचे. मेंढरं तर मालकांच्या मागोमाग अमृतनं विकली. हुसेनबी म्हणाली, कुणाला बांधणार? म्हटलं, सुनेला. कुठं गेली ते कळंल.

दोघी लय हसलो. डबा खाली झाला की तिनं तो पालथा घालून ठेवला.

आतापर्यंत कणगीत — नीळ, स्टोव्हच्या पिना (स्टोव्ह न्हाई), रिबिनी (वेण्या न्हाईत), केरसुण्यांचा गठ्ठा, उंदराचं औषध. उंदरांनी आता जोंधळा न्हाई तर काय खायचं ते त्यांचं ते ठरवतील.

नवा माल मात्र अजून आलेला दिसत न्हाई. सांगलीचा टेंपो लेट झाला असंल.

१ मार्च

सापडलं! अमृत कणगी हलवायला गेला आणि केरसुण्या अंगावर पडल्या. मायलेकाचं भांडण व्हायला पायजे होतं, पण दोघं नवरा-बायको एकदम गोड बोलायला लागले. तवाच मी ओळखलं काय ते. सून हळूच विचारती, आत्या, आज वार कोणता? मी डायरी बघून सांगितलं — बुधवार. छापलेला वाचला! होता शनिवार. झालं. सांगलीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार म्हणत्यात.

अमृतला म्हटलं, तुझ्या बायकोनं पाय घासायचे दगड दोन आणले तवा तिला कुठल्या डॉक्टरकडं नेलंस?

डॉक्टर रद्द.

५ मार्च

रमजान चालू झालाय. हुसेनबीचा रोजा. मी तिच्यापुढं बसून चहा घेत न्हाई. चहा वाचतो.

९ मार्च

अश्फाक आलाय. शिरवळला कंपनीत हाय, तिथंच ब्लॉक घेतलाय, बायको-पोरं तिथंच. मी पायरीवर चढत होते तर पुढं होऊन त्यानं माझे पाय धरले. म्हटलं, काय रं, लगीन काढलंस का परत?

तर म्हणाला, "मावशी, तुमी न्हसता तर अम्मा आणखी दोन वर्षं हलली नसती."

मला काय कळंना. मग त्यानं समदं सांगितलं. पावसाळ्यात हुसेनबी दुकानाच्या मागं घसरून पडली होती, कुणाला पत्ता न्हाई, अर्धा दिवस तशीच. मला बी सांगितलं न्हाई बाईनं. पाय मुरगळला एवढंच म्हणाली होती. तवापासून अश्फाक मागं लागलाय — शिरवळला चल. दिवाळीत ती तयार झाली, पण अट घातली. नवा माल भरणार न्हाई. पण हाय तो टाकायचा न्हाई, फुकट वाटायचा न्हाई, भाईंची रीत हाय ती — फळीवरचं उतरलं तर विकूनच उतरणार. फळी रिकामी झाली की येते. पोरगा म्हणाला मीच समदं घेतो. तर म्हणाली, घरच्याला विकलं ते विकणं न्हवं.

"मला वाटलं आता आमचं कुठलं हलणं होतंय. आणि तुमी धडाधड उचललंत मावशी. ईदच्या आत नेतो बघा अम्माला."

नवा माल येणारच न्हवता. टेंपो लेट बिट काय न्हवता.

मी घंटा घेतल्या. नीळ घेतली. मी समदी फळी माझ्या हातानं साफ करून दिली!

१० मार्च

डोक्याच्या डॉक्टरकडं जायला पायजे होतं.

११ मार्च

निळीच्या पुड्या घेऊन गेले. अश्फाक परत गेला होता, ती एकटीच होती. मी विचारलं, मला का सांगितलं न्हाईस?

ती म्हणाली, "तू घेत होतीस, मी विकत होते. दुकानात दुसरं काय करत्यात?" मग तराजूचं पारडं पुसत म्हणाली, "मला वाटलं, तुला कुठनं तरी कळलंय आणि मी जायची तुलाच घाई झालीय."

सांगायचं होतं, उलटं हाय गं. पण तोंडातनं निघालं ते निराळंच. म्हटलं, या निळीच्या पुड्या परत घे, माझी लुगडी पांढरी न्हाईत.

तिनं बोट वर केलं.

मी बी बोर्ड वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोहिद्दीनभाईंचं अक्षर लय वळणदार होतं, एवढंच म्हणते.

१५ मार्च

नवा धंदा चालू केलाय. पायरीवर बसते आणि गिऱ्हाईक परत लावते.

आकाराम सुपारी घ्यायला आला. म्हटलं, किडकी हाय. बाळासोची बायको मेणबत्ती मागत आली. म्हटलं, लाईट जात न्हाई आता, कशाला पैसे घालवतीस. एक पोरगी पेन्सिलीला आली तर तिला माझ्याकडची अर्धी दिली. हुसेनबी आतनं म्हणाली, "तानाक्का, मागं दुकान मरतंय म्हणून वरडत होतीस. आता काय धरलंयस?"

म्हटलं, काटकसर शिकवतीय गावाला.

तरी लोक घेऊन जात्यात! मी हयातभर सांगत आले गावातनं घ्या, तवा कोण फिरकलं न्हाई. आता घेऊ नका म्हटलं तर रांग लागलीय. हुसेनबी चालली हे कळलंय ना समद्यांना. निरोपाला म्हणून एक एक वस्तू न्हेत्यात. लय माया उतू चाललीय गावाची.

२२ मार्च

फळीवर एकच वस्तू राहिली. कंदिलाची काच.

गावात लाईट आली तवापासून ती तिथंच हाय. कंदीलच कुणाकडं न्हाई तर काच कोण नेणार? हुसेनबी रोज पदरानं पुसती. रिकाम्या फळीवर नुसती ती एक काच, आणि खाली ती बसलेली, आणि पायरीवर मी. तराजू बी गेला, मोडीत.

मी विचारलं, शिरवळला करमंल का? म्हणाली, "दारं लावून बसत्यात तिथं. शेजारणीचं नाव माझ्या सुनेला बी म्हाईत न्हाई. पोरगं चांगलं हाय गं, त्याचं काय चुकत न्हाई. रात्री झोपत न्हाई तो माझ्या काळजीनं."

मी म्हटलं, जा की मग. माझं मीठ येईल पलूसनं.

"येईल की," म्हणाली.

मग काचेकडं बघून म्हणाली, "ही मात्र काय खपायची न्हाई."

मी म्हटलं, न्हाईच खपायची. असल्या काळात कोण घेतंय.

उन्हं पायरीवरनं उतरली तवा उठले. मला वाटतं आमचं बोलणं झालं.

२४ मार्च

अश्फाकचा फोन आला होता तिला. विचारत होता, संपलं का? म्हणाली, न्हाई अजून. मी बाजूलाच होते. लय दिवसांनी चहा गोड लागला, घरी आल्यावर.

२८ मार्च

लिहायला हात होत न्हाई, पण पान कोरं कशाला सोडा.

उत्कर्षा पाडव्याला म्हणून आली. एस्टीतनं उतरली ती सरळ हुसेनबीकडं. तिथनं घरी. "आजी, बघ! तू सांगितलं होतंस ना, गावातल्या दुकानातून घेत जा म्हणून?"

हातात काच.

आत बारके बारके दिवे सोडणार, खोलीत टांगणार. किती सुंदर आहे, अशी आता मिळत नाही म्हणाली. फोनवर बोलून बी झालं तिचं, हजारो लोकांपुढं — आपल्या गावातली दुकानं वाचवा. आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं गावात खरेदी केली, आणि दुकानाला कुलूप लावलं.

मी विचारलं, हुसेनबी काय म्हणाली? म्हणाली, "काही नाही. पुसून दिली. मी म्हटलं पिशवी नको, माझी आहे."

२९ मार्च

टेंपो आला. पेट्या, गाद्या, भाईंची खुर्ची. मी घरातनं बघितलं. गेले न्हाई.

उत्कर्षा येऊन बसली शेजारी. आजी, तू काल काचेकडं अशी का बघत होतीस? सांगितलं मग. समदं सांगितलं — नीळ, घंटा, फळी, अट. पोरगी रडायला लागली. म्हणाली, "तू आधी सांगायचं ना मला."

म्हटलं, मला बी कुणी आधी सांगितलं न्हवतं.

तिनं काचेतनं दिवे काढले, काच कापडात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, काय उपयोग न्हाई बाई. बोर्ड हाय तिथं. भाईंचा.

३० मार्च

पाडवा. गुढी उभी केली आणि तशीच गेले, काच पदराखाली.

अश्फाक टेंपोला दोरी बांधत होता. हुसेनबी दारात, हातात कुलूप. काच पुढं केली. म्हटलं, तडा गेलाय.

तिनं ती उन्हात धरली. फिरवून फिरवून बघितली. तडा असता तर दिसला असता. वर बोर्डाकडं मान केली न्हाई. आत गेली, काच फळीवर ठेवली, पदरानं पुसली. बाहेर येऊन पोराला म्हणाली, "दोरी सोड. माल शिल्लक हाय."

पैसे मात्र परत दिले न्हाईत. आता संध्याकाळी चांद दिसलाय, उद्या ईद. ईदचं कशाला भांडायचं. परवा जाते मागायला.